तुरट वनौषधी व हिरड्यांचे आरोग्य

तुरट वनौषधी व हिरड्यांचे आरोग्य : ज्या वनस्पतींची साल, फळ, पान किंवा गोंद चघळला असता जीभ आणि गालांची आतील बाजू आक्रसल्यासारखी व कोरडी वाटते, त्यांना तुरट किंवा स्तंभक (आकुंचन करणाऱ्या) वनस्पती म्हणतात. हिरड्या सुजणे, त्यांतून रक्त येणे, दात हलणे व तोंडास दुर्गंधी येणे या तक्रारींवर अशा वनस्पतींची काडी, चूर्ण, काढा किंवा लेप वापरण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. वऱ्हाडातील अकोला व अमरावती जिल्ह्यांत या कामी मुख्यतः बाभूळ, खैर, हिरडा, बेहडा, आवळा, अर्जुन, वड, बकुळ, तरवड व डाळिंब या वनस्पतींचा उपयोग होत आला आहे.

ज्या बाभळीच्या सालीने शेतकरी हिरड्या चोळतो, त्याच सालीच्या पाण्यात चर्मकार कातडे कमावतो. कातडे टिकाऊ होणे आणि हिरडी घट्ट झाल्यासारखी वाटणे या दोन्ही परिणामांच्या मुळाशी ⇨ टॅनिने या द्रव्यांचा एकच गुणधर्म आहे. या उपचारांचा उपयोग, त्यांची मर्यादा आणि त्यांच्या नावाखाली शिरलेल्या पदार्थांचा धोका या तिन्ही गोष्टी या गुणधर्मावरून स्पष्ट होतात.

प्रदेश व वनस्पती : वऱ्हाडचा मध्यभाग म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या कसदार मातीचा सपाट प्रदेश होय. त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड टेकड्या व मेळघाटाचे अरण्य असून दक्षिणेस पातूर-बार्शीटाकळीकडील डोंगराळ भाग आहे. खोऱ्याच्या बऱ्याच भागात भूजल खारट असल्यामुळे त्याला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. अशा चिकण व काहीशा क्षारयुक्त जमिनीतही ⇨ बाभूळ (लॅ. व्हॅचेलिया निलोटिका, पूर्वीचे नाव ॲकेशिया निलोटिका) चांगली वाढते. शेताचे धुरे, नाल्यांचे काठ व पडीत जमिनी यांवर ती सर्वत्र आढळे. ब्रिटिश अमदानीत वन खात्याने वऱ्हाडच्या सपाटीवर ‘बाभूळबने’ राखली होती. बैलगाडीचे भाग, शेतीची अवजारे व सरपण यांसाठी लाकूड, शेळ्यांसाठी शेंगा, कातडी कमावण्यासाठी साल आणि दातांसाठी कोवळी काडी असा या झाडाचा सर्वांगी उपयोग होई. सालीत साधारणपणे १२ ते २० टक्के टॅनीन असते.

अलीकडच्या काळात गावठी बाभळीच्या जागा पुष्कळ ठिकाणी विलायती किंवा ‘वेडी’ बाभळीने (लॅ. प्रोसोपिस ज्यूलिफ्लोरा) व्यापल्या आहेत. हे झाड मूळचे अमेरिकेतील असून नामसाम्यामुळे त्याची काडी गावठी बाभळीऐवजी तोडली जाण्याचा संभव असतो. गावठी बाभळीची फुले पिवळी व गोंड्यासारखी गोल असतात आणि तिच्या करड्या शेंगा दोन बियांमध्ये आवळलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. विलायती बाभळीचा फुलोरा लांबट कणसासारखा व शेंगा सरळसर पिवळट असतात.

खैर (लॅ. सेनेगॅलिया कॅटेचू) हा सातपुड्याच्या उतारावरील शुष्क पानझडी वनांत आढळतो. त्याच्या मध्यकाष्ठाचे तुकडे पाण्यात उकळून तो अर्क आटविला म्हणजे कात मिळतो. विड्यात घालतात तो हाच. अर्जुन किंवा अर्जुनसादडा (लॅ. टर्मिनॅलिया अर्जुना) नदीनाल्यांच्या काठी वाढतो. हिरडा (लॅ. टर्मिनॅलिया चेब्युला), बेहडा (लॅ. टर्मिनॅलिया बेलेरिका) व आवळा (लॅ. फायलँथस एंब्लिका) या तीन फळांचे मिश्रण ‘त्रिफळा’ या नावाने घरोघरी परिचित आहे. ही फळे गौण वनोत्पन्न म्हणून गोळा केली जातात व बाजारात येतात. हिरड्याची पक्व होण्यापूर्वीच गळलेली लहान काळी फळे ‘बाळहिरडा’ या नावाने विकली जातात. फळाचे ‘हिरडा’ हे नाव व दाताच्या मुळाशी असलेल्या मांसाचे ‘हिरडी’ हे नाव यांत साम्य असले, तरी फळाचे नाव संस्कृत ‘हरीतकी’वरून आलेले आहे.

वडाची पारंबी, बकुळीची साल, माळरानावर वाढणाऱ्या तरवडाची (लॅ. सेना ऑरिक्युलाटा) काडी, डाळिंबाच्या फळाची साल, जांभळीची साल व पेरूची पाने हीही तुरट द्रव्ये होत. कडूनिंब व करंज यांच्या काड्या वऱ्हाडात सर्रास वापरतात, परंतु त्या मुख्यतः कडू व तिखट गुणाच्या असून त्यांची गणना तुरट द्रव्यांत करीत नाहीत. पिवळी कोरांटी (लॅ. बार्लेरिया प्रायोनायटिस) हिला दातांवरील उपयोगामुळे ‘वज्रदंती’ हे नाव मिळाले आहे. तुरटी हे या वर्गातील खनिज द्रव्य असून तिचे नावच चवीवरून पडलेले आहे.

प्राचीन ग्रंथांतील विचार : आयुर्वेदाने मानलेल्या सहा रसांपैकी ‘कषाय’ म्हणजे तुरट रस होय. चरक, सुश्रुत व वाग्भट या तिन्ही आचार्यांनी दंतधावनासाठी कषाय, कटू व तिक्त रसांच्या काड्या सांगितल्या आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन व असाणा या वनस्पतींचा उल्लेख असून काडीचे टोक चावून मऊ करावे व ती दिवसातून दोनदा वापरावी असे म्हटले आहे. वाग्भटाने सकाळी व भोजनानंतर अशा दोन वेळा दिल्या असून रुई, वड, खैर, करंज व अर्जुन ही झाडे सांगितली आहेत. सुश्रुताच्या मते काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि गाठी व छिद्रे नसलेली असावी. तुरट काड्यांमध्ये खैर, कडूमध्ये कडूनिंब, गोडमध्ये मोह व तिखटामध्ये करंज श्रेष्ठ होय असे तो म्हणतो. यांतील कण्हेर ही वनस्पती विषारी असल्यामुळे तिची काडी आज कोणीही वापरू नये.

दंतमूलाच्या, म्हणजे हिरड्यांच्या रोगांचे सुश्रुताने १५ प्रकार मानले आहेत. त्यांपैकी ‘शीताद’ रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या मऊ व काळपट होऊन झडतात व त्यांना दुर्गंधी येते. ‘दंतवेष्ट’ रोगात पू व रक्त वाहून दात हलू लागतात. ‘वैदर्भ’ रोगात हिरड्या घासल्या गेल्यामुळे तीव्र सूज येते व दात हलतात. या शेवटच्या नावात विदर्भाचे नाव ऐकू येत असले, तरी ग्रंथात हा रोग आघातजन्य म्हणून सांगितला आहे, विशिष्ट प्रदेशाचा म्हणून नव्हे. जोराने घासल्याने हिरडीस इजा होते याची जाणीव त्या काळी होती हे यावरून दिसते. दात घासताना दंतमांसास पीडा होऊ देऊ नये असे चरक व सुश्रुत या दोघांनीही बजावले आहे.

या ग्रंथांतील उपचारांचा क्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. दातांवर साचून कठीण झालेल्या मळाला सुश्रुत ‘दंतशर्करा’ म्हणतो. दंतमूलास इजा न करता वैद्याने ती प्रथम खरवडून काढावी व नंतर लाखेचे चूर्ण मधातून चोळावे, असे त्याचे सांगणे आहे. शीतादावरही आधी दूषित रक्त काढून मग सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या काढ्याने तोंड भरून धरावे असे सांगितले आहे. म्हणजे तुरट द्रव्य हे शोधनानंतरचे, जखम भरून आणणारे (रोपण) औषध होते. मळ तसाच ठेवून त्यावर तुरट चूर्ण चोळणे हा या ग्रंथांतील उपचार नव्हे. लोकव्यवहारात मात्र पहिली पायरी पुष्कळदा गळाली व दुसरी तेवढी शिल्लक राहिली.

तुरट रसाच्या अतिसेवनाचे दोषही चरकाने नोंदविले आहेत. तोंड कोरडे पडणे, वाणी अडखळणे, पोट फुगणे व शरीरातील स्रोतांचा अवरोध होणे हे त्यांपैकी काही होत. सुश्रुताने तोंड आलेले असताना, तसेच घसा, टाळू, ओठ व जीभ यांच्या विकारांत, दमा, खोकला, उचकी व ओकारी असताना काडी वापरण्यास मनाई केली आहे.

वापराच्या पद्धती : पारंपरिक वापराचे चार प्रमुख प्रकार आहेत. (१) काडी : हिला दातण किंवा वऱ्हाडात हिंदीच्या सान्निध्यामुळे दातून असेही म्हणतात. ताज्या कोवळ्या फांदीचे टोक चावून त्याचा कुंचला करतात व त्याने दात घासतात. शेवटी काडी उभी चिरून तिने जीभ खरवडण्याची पद्धत आहे. (२) चूर्ण : बाभळीची वाळलेली साल, हिरडा, कात, तुरटी, सैंधव व लवंग यांचे वस्त्रगाळ चूर्ण बोटाने दातांवर व हिरड्यांवर चोळतात. हिरडीवर बोटाने औषध चोळण्यास आयुर्वेदात ‘प्रतिसारण’ ही संज्ञा आहे. ‘दशनसंस्कार चूर्ण’ या प्रसिद्ध योगात सुंठ, हिरडा, नागरमोथा, कात, कापूर, सुपारीची राख, मिरी, लवंग व दालचिनी ही द्रव्ये असतात. (३) काढा : एक भाग भरड सोळा भाग पाण्यात उकळून अष्टमांश उरवितात व गाळून कोमट असताना वापरतात. तोंड पूर्ण भरून, न हलविता धरल्यास त्याला ‘गंडूष’ म्हणतात, तर खुळखुळविता येईल इतकाच घेतल्यास ‘कवल’ म्हणतात. घरगुती गुळण्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात. (४) लेप व तेल : काताचे किंवा डाळिंबाच्या सालीचे चूर्ण मधात कालवून दुखऱ्या हिरडीस लावतात. इरिमेद म्हणजे शेण्या खैर, याच्या सालीपासून केलेले ‘इरिमेदादि तेल’ हेही याच उद्देशाने वापरतात.

स्त्रियांच्या ‘दातवणा’ची प्रथा येथे उल्लेखनीय आहे. हिरडा किंवा मायफळ यांचे चूर्ण व हिराकस (लोहाचे सल्फेट) यांच्या मिश्रणाने दात काळे करीत. टॅनीन व लोह यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो. जुनी लिहिण्याची शाईही याच विक्रियेने करीत. दात काळे करणे हे सौंदर्याचे व सौभाग्याचे लक्षण मानले जाई आणि त्याने दात बळकट होतात अशी समजूत होती. ही प्रथा विसाव्या शतकात लोप पावत गेली.

तुरट द्रव्ये न घालताही दात घासले जात. गोवरीची राख किंवा ‘राखुंडी’, मीठ, कोळसा व विटेची भुकटी यांचा वापर खेड्यांत मोठ्या प्रमाणात होता. भरड राख, कोळसा किंवा विटेची पूड यांनी दातांवरील कठीण आवरण झिजते व हिरड्या मागे सरकतात. पुष्कळ घरगुती मंजनांत तुरट चूर्ण व असे खरखरीत द्रव्य एकत्र असल्यामुळे उपयोग व अपाय दोन्ही एकाच चिमटीत असत.

रसायन व क्रिया : वनस्पतींतील टॅनिने दोन वर्गांत विभागतात. हिरडा, आवळा, मायफळ व डाळिंबाची साल यांतील टॅनिनांचे पाण्याच्या साहाय्याने विघटन होऊन गॅलिक व एलॅजिक ही अम्ले मिळतात. खैर, बाभळीची साल व सुपारी यांतील टॅनिने कॅटेचीन वर्गातील संयुगांच्या रेणूंची साखळी होऊन बनलेली असतात. दोन्ही वर्गांतील टॅनिने प्रथिनांशी संयोग पावून त्यांचा साका करतात. कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू टॅनिनाने एकमेकांशी जखडले गेले म्हणजे ते कुजत नाही व त्याचे चामडे बनते.

तोंडात हीच क्रिया अत्यल्प प्रमाणात व वरवर घडते. लाळेतील वंगणासारखी प्रथिने टॅनिनाबरोबर साकळतात, त्यामुळे जिभेस खरखरीतपणा व कोरडेपणा जाणवतो. तुरट चव म्हणून ओळखली जाते ती मुख्यतः हीच स्पर्शसंवेदना होय. सुजलेल्या हिरडीच्या पृष्ठावरील प्रथिने साकळून पातळ संरक्षक थर तयार होतो, बारीक रक्तवाहिन्यांतून होणारा स्राव घटतो व किरकोळ रक्तस्राव थांबतो. दंतक्षयाशी संबंधित स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स व परिदंत (दाताभोवतीच्या) रोगाशी संबंधित पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या सूक्ष्मजंतूंच्या वाढीस काही तुरट अर्क प्रयोगशाळेत अटकाव करतात, असेही आढळले आहे. त्रिफळ्याच्या काढ्याने गुळण्या केल्यास दातांवरील थर व हिरड्यांचा दाह कमी होतो असे काही लहान व अल्पमुदतीच्या चाचण्यांत दिसून आले आहे. दीर्घकाळ वापराने दातांवर तपकिरी डाग पडू शकतात.

आवळ्याचा उपयोग केवळ तुरटपणामुळे होत नाही. आहारात क जीवनसत्त्वाची दीर्घकाळ उणीव झाल्यास ⇨ स्कर्व्ही हा रोग होतो व हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते. जेम्स लिंड या इंग्रजांच्या नौदलातील वैद्याने १७४७ मध्ये लिंबूवर्गीय फळांनी हा रोग बरा होतो असे दाखविले. आवळ्यात क जीवनसत्त्व विपुल असल्यामुळे अशा रुग्णास आवळा खाण्याने गुण येतो, बाभळीच्या सालीने येणार नाही. दोन्ही ‘हिरड्यांची औषधे’ असली, तरी त्यांची कार्ये भिन्न आहेत.

इतर देशांतील वापर : ही कल्पना केवळ भारतीय नाही. अरबस्तान व आफ्रिकेत पीलूची (लॅ. साल्व्हॅडोरा पर्सिका) ‘मिस्वाक’ वापरतात. मुस्लिम समाजात तिला धार्मिक महत्त्व असल्याने ती वऱ्हाडातील बाजारांतही मिळते. पेरू देशातील स्त्रिया रॅटॅनी या झुडपाचे तुरट मूळ दातांसाठी वापरतात, असे अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ रुइथ यांनी पाहिले व पुढे ते मूळ यूरोपातील औषधी व दंतमंजनांत आले. टॅनिक अम्ल व ग्लिसरीन यांचे मिश्रण पाश्चात्त्य औषधिसंग्रहांत घसा व हिरड्यांसाठी समाविष्ट होते. आजही औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या काही ‘गम पेंट’मध्ये टॅनिक अम्ल असते. भारतात केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये स्थापिलेल्या विको या संस्थेने ‘वज्रदंती’ हे नाव घराघरांत पोहोचविले.

हिरड्यांचे रोग व उपचारांची मर्यादा : हिरड्यांच्या बहुतेक विकारांचे मूळ दात व हिरडी यांच्या सांध्यात साचणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या चिकट थरात असते. हाराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात घासणे थांबविले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. सफाई पुन्हा सुरू केल्यावर सुमारे आठवड्याभरात तो नाहीसा झाला. या प्रयोगात बरे होण्यासाठी कोणतेही औषध लागले नाही.

हा थर काढला नाही तर लाळेतील कॅल्शियमाच्या लवणांमुळे तो कठीण होऊन त्याचे कीटण बनते. सुश्रुताची दंतशर्करा ती हीच. कीटण कोणत्याही काडीने, चूर्णाने वा काढ्याने निघत नाही. ते उपकरणानेच काढावे लागते. त्याच्या आधाराने दाह खोलवर गेला म्हणजे दात व हिरडी यांत पोकळी तयार होते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते व दात हलू लागतो. या अवस्थेला परिदंत रोग किंवा बोलीभाषेत ‘पायरिया’ म्हणतात. झिजलेले हाड चूर्णाने भरून येत नाही.

येथेच तुरट औषधाची दुहेरी बाजू दिसते. काडी वापरताना थर निघतो तो मुख्यतः घासण्याच्या क्रियेने. काही चाचण्यांत योग्य रीतीने वापरलेली काडी ब्रशाइतकीच परिणामकारक आढळली आहे, मात्र दातांच्या आतील बाजू व दाढांच्या मागील फटी यांपर्यंत ती सहसा पोहोचत नाही. चूर्ण किंवा काढ्याने मात्र थर न निघताही रक्त थांबते, वास कमी होतो व हिरडी घट्ट वाटते. रक्तस्राव ही रोगाची सूचना असते. ती सूचना शमली म्हणून रोग शमला असे नव्हे. परिदंत रोगात वेदना फारशी नसल्यामुळे रुग्ण वर्षानुवर्षे मंजन बदलत राहतो व दात हलू लागल्यावर वैद्याकडे येतो. मधुमेहात हा रोग अधिक तीव्र होतो व त्यामुळे मधुमेहही आटोक्यात ठेवणे कठीण जाते. हिरड्यांतून आपोआप व सतत रक्त येणे हे काही वेळा रक्ताच्या गंभीर विकारांचेही लक्षण असते.

काड्या व बहुतेक पारंपरिक चूर्णे यांत फ्ल्युओराइड नसते. त्यामुळे हिरड्या स्वच्छ राहिल्या, तरी दात किडण्यापासून फ्ल्युओराइडयुक्त दंतधावन-द्रव्याने मिळणारे संरक्षण त्यांपासून मिळत नाही.

तंबाखू व सुपारी : तुरट मंजनाच्या सवयीतून वाढलेला सर्वांत गंभीर अपाय म्हणजे मिश्री किंवा मशेरी होय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड दातांवर व हिरड्यांवर चोळतात. महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांत ही सवय विशेष आढळते. दात साफ करण्यासाठी किंवा दुखणारी हिरडी बधिर करण्यासाठी सुरू झालेला वापर निकोटिनामुळे व्यसन बनतो व दिवसातून अनेकदा होऊ लागतो. ती पूड तोंडात बराच वेळ राहत असल्याने हिरडी व गालावर पांढरे चट्टे पडतात आणि त्यांतून पुढे कर्करोग उद्‌भवू शकतो. तंबाखूयुक्त दंतमंजने व टूथपेस्ट यांच्या उत्पादनास व विक्रीस भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, तथापि घरी भाजून केलेली मिश्री या बंदीच्या कक्षेत येत नाही.

विदर्भात रूढ असलेला ‘खर्रा’ म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना यांचे घोटलेले मिश्रण होय. सुपारी स्वतः तुरट असून तिच्या ॲरेका कॅटेचू या शास्त्रीय नावातही काताचे नाव आले आहे. ती चघळल्याने हिरड्या बळकट होतात अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात सुपारीतील ॲरेकोलीन हे द्रव्य तोंडाच्या अस्तराखालील कोलॅजेन तंतूंची निर्मिती वाढविते व तिच्यातील टॅनिने त्या तंतूंचे नैसर्गिक विघटन रोखतात. कातडे कुजू न देणारा गुणधर्म येथे जिवंत ऊतकावर घातक ठरतो. अस्तर ताठ व पांढुरके होते, तिखट सोसत नाही व हळूहळू तोंड उघडणे कठीण होते. १९५२ मध्ये श्वार्ट्‌झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये व १९५३ मध्ये जोशी यांनी मुंबईत वर्णन केलेल्या या रोगाला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. तो कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीचाही समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली.

बाभळीचा काढा व सुपारी या दोन्हींत टॅनीन असूनही त्यांच्या परिणामांत एवढा फरक पडतो, याची कारणे दोन आहेत. काढा दिवसातून एकदोनदा काही क्षण तोंडात राहून थुंकला जातो, तर सुपारी तासन्‌तास गालात राहते. शिवाय सुपारीतील ॲरेकोलीन बाभळीत नाही. औषध व अपायकारक पदार्थ यांतील सीमा अशा प्रकारे द्रव्य, मात्रा व काल या तिन्हींवर अवलंबून असते.

सद्यःस्थिती : अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात (सध्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) ‘नागार्जुन’ नावाचे औषधी वनस्पतींचे उद्यान असून तेथे अशा वनस्पतींचे जतन केले जाते. ब्रश व टूथपेस्ट खेड्यांत पोहोचल्यामुळे काडीचा रोजचा वापर पुष्कळ घटला आहे. तथापि वडीलधारी माणसे व शेतावर राहणारी कुटुंबे यांत तो टिकून आहे, तर हिरड्या दुखू लागल्यावर त्रिफळ्याच्या किंवा बाभळीच्या सालीच्या गुळण्या करण्याची रीत शहरांतही आढळते.

या द्रव्यांचा समंजस उपयोग करावयाचा झाल्यास काही गोष्टी पाळणे इष्ट ठरते. काडी ताजी, ओळखीच्या झाडाची व रस्त्याच्या धुळीपासून किंवा फवारणी झालेल्या पिकापासून दूर असलेली असावी. तिचा कुंचला मऊ करून हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हळुवार फिरवावा. चूर्ण वस्त्रगाळ असावे. काढा थुंकून टाकावा, गिळू नये. लहान मुलांना दाट काढा देऊ नये. एक-दोन आठवडे नीट सफाई करूनही रक्त येणे न थांबल्यास, पू येत असल्यास, दात हलत असल्यास, चट्टा किंवा न भरणारी जखम दिसल्यास अथवा तोंड कमी उघडत असल्यास औषध बदलत न राहता दंतवैद्यास दाखवावे. मळ आधी काढावा व मग तुरट द्रव्य लावावे हा प्राचीन ग्रंथांनी दिलेला क्रम आणि आधुनिक दंतवैद्यकाने सिद्ध केलेला क्रम एकच आहे. त्या क्रमात वापरल्यास बाभळीची साल व हिरडा यांचे स्थान पूरक औषधाचे असून ते सफाईची जागा घेऊ शकत नाही.